कानावर पडेल तसे टाइप होईल असे डोमेन नाव कसे निवडावे

ठाणे खाडीतील पक्षी, येऊरच्या जंगलातील फुलपाखरे, आगरी-कोळी स्वयंपाक किंवा नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांचे कायदेशीर प्रश्न अशा एखाद्या मर्यादित विषयावर मराठीत सातत्याने लिहिणाऱ्या माणसाचे वाचक बरेचदा तोंडी शिफारशीतून वाढतात. गडकरी रंगायतनमधल्या मध्यंतरात, वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये किंवा सोसायटीची सभा संपल्यावर कुणीतरी संकेतस्थळाचे नाव सांगतो आणि ऐकणारा ते नंतर, बहुधा घरी पोहोचल्यावर, आठवून टाइप करतो. या दोन क्षणांच्या मध्ये नाव बिघडले, तर लेखन कितीही कसदार असले तरी तो वाचक आपल्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून डोमेन नाव, म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता, निवडताना ते दिसते कसे यापेक्षा ते ऐकून लिहिता येते का, हा प्रश्न आधी विचारावा असे माझे ठाम मत आहे. मराठी लेखकासाठी हा प्रश्न विशेष अवघड असतो, कारण नाव उच्चारले जाते मराठीत आणि टाइप होते रोमन अक्षरांत.

नाव शोधायला बसण्यापूर्वी विषयाची सीमा लिहून काढावी. आपण पुढील पाच वर्षे कशाकशावर लिहू, याची एक प्रामाणिक यादी करावी आणि त्या यादीतला सर्वांत दूरचा विषयही ज्या नावाखाली शोभेल, तेच नाव विचारात घ्यावे. ठाणे खाडीचेच उदाहरण घेऊ. खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामुळे नावात ‘फ्लेमिंगो’ घालण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु हे पक्षी साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंतच मोठ्या संख्येने दिसतात. पावसाळ्यात लेखक खारफुटीवर, खेकड्यांवर, कोल्ह्यांवर आणि मासेमारीवर लिहू लागतो आणि नाव मात्र एकाच पाहुण्या पक्ष्याचे राहते. अशा वेळी पक्ष्याऐवजी अधिवासाचे नाव घेणे शहाणपणाचे ठरते.

स्थळनामांच्या बाबतीतही हाच विचार करावा. लेखन त्या गावाशी बांधलेले असेल, तर गावाचे नाव घेण्यासारखा दुसरा उपाय नाही, कारण वाचकाला पहिल्याच क्षणी आपुलकी वाटते आणि शोध घेणाऱ्यालाही दिशा मिळते. मात्र शहरांची नावे आणि सीमा बदलतात, हे आपल्या भागाने पुरेसे पाहिले आहे: ‘न्यू बॉम्बे’ची नवी मुंबई झाली आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला. ज्याचा विषय पुढे पनवेल, उरण किंवा वसईपर्यंत जाण्याची शक्यता आहे, त्याने नावात सेक्टर किंवा उपनगर घालू नये.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. मराठी शब्द रोमन लिपीत उतरवताना दोन वेगळ्या प्रकारची संदिग्धता निर्माण होते आणि त्या दोहोंचे परिणाम सारखे नसतात. पहिल्या प्रकारात दोन मराठी ध्वनींना एकच रोमन रूप मिळते: ‘ठ’ आणि ‘थ’ दोन्ही टी-एच, ‘ण’ आणि ‘न’ दोन्ही एन, ‘ळ’ आणि ‘ल’ दोन्ही एल. येथे वाचणारा अडखळू शकतो, पण ऐकून लिहिणारा चुकत नाही, कारण त्याच्यासमोर पर्यायच एक असतो. दुसऱ्या प्रकारात एकाच मराठी ध्वनीसाठी दोन किंवा अधिक रोमन रूपे प्रचलित असतात: ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू, ‘आ’साठी एक ए किंवा दोन ए, ‘ई’साठी आय किंवा दोन ई, ‘ऊ’साठी यू किंवा दोन ओ, ‘फ’साठी पी-एच किंवा एफ, ‘झ’साठी झेड किंवा जे-एच. ‘ज्ञ’ तर मराठी माणूस डी-एन-वाय असा लिहितो आणि शेजारचा हिंदी भाषक जी-वाय असा. डोमेनला खरा धोका या दुसऱ्या प्रकारापासून आहे, कारण एक अक्षर बदलले की वाचक दुसऱ्याच पत्त्यावर पोहोचतो.

यात शब्दाच्या मधल्या ‘अ’ची भर पडते. ‘भरती’ या शब्दात र आणि त यांच्यामध्ये ए लिहावा की नाही, याबाबत दोन मराठी माणसांचे एकमत होईलच असे नाही. ‘खारफुटी’ हा शब्द अर्थाने कितीही नेमका असला, तरी त्यात हा मधला स्वर, ‘आ’ आणि ‘फ’ अशा तीन फाटे फुटण्याच्या जागा आहेत, म्हणून डोमेनसाठी तो मी टाळेन. त्याच खाडीचा ‘चिखल’ हा शब्द पाहावा. सी-एच-आय-के-एच-ए-एल याखेरीज तो दुसऱ्या रीतीने लिहिण्याचा फारसा प्रश्नच येत नाही. शिवाय खाडीतील अन्नसाखळी ज्यावर उभी आहे ती गोष्ट तो दाखवतो, आणि एकदा ऐकला की विसरत नाही. ‘ओहोटी’ हा शब्दही लिहायला सोपा आणि लहान आहे, आणि ओहोटीलाच पक्षी चिखलावर उतरतात हे जाणकाराला लगेच उमगेल. पण मराठीत ‘ओहोटी लागणे’ म्हणजे उतरती कळा लागणे, आणि हा अर्थ नावाला चिकटून येणारच. शब्द सुंदर असला तरी त्याच्या वाक्प्रचारांची चौकशी केल्याशिवाय तो घेऊ नये.

रोमन रूप लिहून झाल्यावर ते मराठी विसरून, केवळ रोमन म्हणून पुन्हा वाचावे. ‘खाडी’ रोमनमध्ये लिहिली की ती ‘खादी’ होते. ‘ठाणे’ आणि ‘खाडी’ जोडून घेतलेला पत्ता पाहणाऱ्याला ठाण्यातील कापडाचे दुकान वाटेल, आणि खादी हे नाव खादी व ग्रामोद्योग आयोगाचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) असल्यामुळे विनाकारण एक कायदेशीर गुंता ओढवून घेतला जाईल. ‘आगरी’ एका ए ने लिहिले की इंग्रजी वाचकाला ते शेतीविषयक वाटते. स्वयंपाकाच्या संकेतस्थळावर बियाणे आणि खतांची चौकशी करणारे येऊ लागले, तर त्यात नवल नाही. ‘तळे’ रोमनमध्ये इंग्रजी ‘टेल’ होते, म्हणजे गोष्ट. ठाण्याच्या तलावांवर लिहिणाऱ्याला हा योगायोग उपयोगीही पडू शकेल, पण तो जाणीवपूर्वक स्वीकारलेला असावा.

शब्द जोडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. डोमेनमध्ये मोकळी जागा नसते आणि लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जात नाही, त्यामुळे दोन शब्दांचा सांधा डोळ्यांना दिसत नाही. ‘ठाणे’च्या रोमन रूपाच्या शेवटी ई हे अक्षर आहे, त्याला ई ने सुरू होणारा इंग्रजी शब्द जोडला, तर ऐकणाऱ्याला एक ई लिहावा की दोन हे कळत नाही. ‘गाववाट’सारख्या नावात हाच घोळ ‘व’चा होतो. पहिल्या शब्दाचे शेवटचे आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर एकच असेल, तर ती जोडी सोडून द्यावी.

जोडरेघ तांत्रिकदृष्ट्या चालते, फक्त नावाच्या सुरुवातीला व शेवटी नाही. पण तोंडी सांगताना कुणी तिला डॅश म्हणतो, कुणी हायफन, कुणी मायनस, आणि ऐकणारा बहुधा ती गाळूनच टाइप करतो. आकड्यांचेही तसेच आहे, कारण ‘सतरा’ हा आकड्यात लिहावा, मराठी उच्चाराप्रमाणे लिहावा की इंग्रजी शब्दाने, हे आवाजावरून समजत नाही. या दोन्ही गोष्टी नावात नसाव्यात. लांबीची तांत्रिक मर्यादा पत्त्यातील टिंबांनी वेगळ्या केलेल्या प्रत्येक भागासाठी ६३ अक्षरांची आहे, परंतु ती यंत्रासाठी आहे. माणसासाठी बारा ते पंधरा रोमन अक्षरांपुढे जाऊ नये असे मी सुचवेन.

मग चांगले शब्द शोधायचे कुठे? माझ्या अनुभवात दोन जागा फलदायी ठरतात. पहिली म्हणजे रोमन पाट्यांवर स्थिरावलेले शब्द. वाशी, नेरुळ, मिसळ, नाका, पाडा हे शब्द आपण रोमनमध्ये इतक्या वेळा पाहिले आहेत की त्यांचे रूप डोळ्यांत ठरून गेले आहे. तीन हात नाका रोज ओलांडणाऱ्या ठाणेकराला ‘नाका’ कसा लिहायचा हे सांगावे लागत नाही. याउलट घोडबंदरच्या शेवटच्या भागात यू की ए, मासुंद्याकाठच्या तलावपाळीत व्ही की ओ, कोपरखैरणे जोडून की तोडून, याबाबत पाट्यांमध्येच एकवाक्यता नाही, म्हणून ही नावे कितीही प्रिय असली तरी पत्त्यात घालू नयेत. दुसरी जागा म्हणजे विषयातली एखादी ठोस वस्तू: अवजार, भांडे, जिन्नस, जागा. आगरी स्वयंपाकावर लिहिणाऱ्याने ‘चविष्ट’, ‘पारंपरिक’, ‘खाद्यसंस्कृती’ असे सर्वसाधारण शब्द सोडून ‘सुकट’सारखा शब्द घेतला, तर तो लिहायला एकमार्गी आहे, ऐकताच वास आणि चव आठवतो, आणि त्याच्या आधाराने भाकरीपासून मसाल्यापर्यंत सर्व काही लिहिता येते.

येथे एक आक्षेप येतो की नावातच विषयाचे पूर्ण वर्णन असले तर शोधयंत्रांत वरचे स्थान मिळेल. एके काळी यात तथ्य होते. पण शोधशब्द जसेच्या तसे डोमेनमध्ये घालून निकृष्ट मजकूर वर आणणाऱ्या संकेतस्थळांना गूगलने सप्टेंबर २०१२ मध्येच लगाम घातला. आज वर्णनात्मक नावाचा उपयोग इतकाच की नवख्या वाचकाला विषय कळतो, आणि ते काम नावाखालची एक ओळ तितक्याच चांगल्या रीतीने करते. कट्टा, मराठी, माझे, आपले हे शब्द तर इतक्या नावांत आले आहेत की दुसऱ्या दिवशी ऐकणाऱ्याला ‘कसला तरी कट्टा’ एवढेच आठवते. वेगळेपण हवे असेल, तर त्यांना बाजूला ठेवावे लागेल.

या कसोट्यांवर टिकलेली चार-पाच नावे हाती आली की ती माणसांवर तपासावीत. ओळखीच्या काही जणांना फोन करावा, नाव एकदाच नेहमीच्या वेगाने उच्चारावे, स्पेलिंग सांगू नये, आणि त्यांनी ते रोमनमध्ये टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे अशी विनंती करावी. माणसे मुद्दाम वेगवेगळी निवडावीत: आई-वडिलांच्या पिढीतील कुणी, इंग्रजी माध्यमात शिकलेला कुणी, आणि मराठी मातृभाषा नसलेला शेजारी, कारण ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांत असे शेजारी पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकजण मराठी वाचतात. उत्तरांमध्ये दोनपेक्षा अधिक रूपे आली, तर ते नाव बाद करावे. दोनच आली आणि नाव फारच मनात भरले असेल, तर दोन्ही रूपे विकत घेऊन एक दुसऱ्याकडे वळवण्याची तयारी ठेवावी. दोन-तीन दिवसांनी त्याच माणसांना, पुन्हा न सांगता, कोणते नाव आठवते ते विचारावे. हा दुसरा फोन अनेकजण टाळतात, पण लक्षात राहण्याची खरी परीक्षा तोच घेतो. फोनच्या आवाजी टंकलेखनाला नाव सांगून ते काय लिहिते, तेही पाहावे, कारण पुष्कळ ज्येष्ठ वाचक आता तसाच शोध घेतात.

नावाच्या शेपटीबद्दल, म्हणजे डॉट कॉम की डॉट इन याबद्दल, माझे मत सरळ आहे. डॉट कॉम मिळत असेल तर घ्यावे, कारण शेपटी विसरलेला माणूस तेच टाइप करतो. ते मिळत नसेल आणि वाचक मुख्यतः भारतातील असतील, तर डॉट इन उत्तम. त्याची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते आणि ते भारताचे आहे हे शोधयंत्रांनाही कळते. मात्र त्याच नावाचे डॉट कॉम दुसऱ्या कुणाकडे असेल आणि तेथे त्याच विषयाचे संकेतस्थळ चालू असेल, तर डॉट इन घेऊ नये; आपण जमवलेले वाचक आपण त्याच्याकडे पाठवत राहू. डॉट को कोलंबियाचे, डॉट टीव्ही तुवालूचे आणि डॉट मी माँटेनेग्रोचे आहे. ती वापरायला हरकत नाही, पण प्रत्येक वेळी नाव सांगताना ‘कॉम नाही बरं का’ हे वाक्य जोडावे लागते.

डॉट भारतचा विचार मात्र आस्थेने करावा. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील हे डोमेन खुले झाले आणि मराठीचा त्यात समावेश आहे, म्हणजे संपूर्ण पत्ता आपल्या लिपीत लिहिता येतो आणि वर सांगितलेली रोमन रूपांची सगळी अडचण तेथे संपते. तरीही आज मुख्य पत्ता म्हणून मी ते सुचवणार नाही. यंत्रणेच्या आत असे नाव एक्स, एन आणि दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या रोमन संकेतात बदलले जाते; पत्ता नक्कल करून चिकटवताना अनेकदा तोच अगम्य संकेत दिसतो, आणि अनेक ऑनलाइन अर्ज देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाची चूकही तेथे वेगळ्या पत्त्यावर नेते. म्हणून रोमन नाव मुख्य ठेवावे आणि ऐपत असल्यास देवनागरी नाव सोबत घेऊन ते मुख्य पत्त्याकडे वळवावे. छापील पत्रकावर आणि व्याख्यानाच्या पडद्यावर ते फार शोभते.

पैसे भरण्यापूर्वी कायद्याची बाजू तपासणे आवश्यक आहे. नाव उपलब्ध दिसते याचा अर्थ ते वापरण्याचा हक्क आपल्याला आहे असा होत नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफ या संकेतस्थळाच्या बाजूने निकाल देताना एका अक्षराने वेगळ्या असलेल्या ‘रॅडिफ’ या डोमेनच्या वापराला मनाई केली, आणि २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावांनाही व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते हे मान्य केले. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध घेता येतो आणि त्यात उच्चारसाम्याने शोधण्याची सोय आहे. शिक्षण, मनोरंजन आणि ऑनलाइन प्रकाशन यांसाठी वस्तू-सेवांच्या वर्गीकरणातील वर्ग ४१ पाहावा, आणि विषय स्वयंपाकाचा किंवा वस्तूंचा असेल तर त्या वस्तूंचा वर्गही. महानगरपालिका, सिडको किंवा पोलीस यांची आद्याक्षरे नावात घालू नयेत, कारण वाचकाला ते सरकारी संकेतस्थळ वाटण्याचा धोका असतो. गडकिल्ल्यांवर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी: १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, आणि केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यापार-व्यवसायासाठी त्याचा वापर करता येत नाही. जाहिराती किंवा वस्तुविक्री यांतून उत्पन्न मिळवण्याचा विचार असेल, तर ही मर्यादा पाळलीच पाहिजे.

नाव पूर्वी कुणी वापरले होते का, हे इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांची जुनी पाने जपणाऱ्या संग्रहात, पाहावे. तेथे जुगाराची किंवा फसवणुकीची जुनी पाने दिसली, तर ते नाव सोडून द्यावे.

खरेदीच्या वेळी पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे न पाहता नूतनीकरणाचा दर पाहावा, कारण तो पुढे दरवर्षी भरायचा आहे आणि पुष्कळदा पहिल्या दराच्या कितीतरी पट असतो. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची करता येते. खाते स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर उघडावे. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नावावर डोमेन नोंदवले गेले, तर पुढे त्याच्याशी संबंध तुटल्यावर नाव परत मिळवणे कठीण जाते, म्हणून ही गोष्ट मैत्रीतही सैल ठेवू नये. नोंदणीनंतर डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी ईमेल पडताळणीचा संदेश येतो. त्याला पंधरा दिवसांत प्रतिसाद दिला नाही, तर नाव स्थगित होऊ शकते. पहिले ६० दिवस नाव दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे सहसा हलवता येत नाही, हेही लक्षात घेऊन कंपनी निवडावी.

मुदत संपल्यानंतर डॉट कॉम नाव लगेच नाहीसे होत नाही. ते कंपनीने हटवल्यावर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, पण त्या काळात ते परत घेण्यासाठी मोठा दंड पडतो, आणि त्यानंतर नाव बाजारात मोकळे होते. म्हणून स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवावे, त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत दरवर्षी तपासावी, खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, आणि खात्याचा तपशील घरातल्या आणखी एका विश्वासू व्यक्तीला माहीत असेल अशी व्यवस्था करावी.